पुस्तकातला वटवट्या आणि धुऱ्यावरचा वटवट्या

मराठीत 'वटवट्या' हे नाव एका पक्ष्याचे नाही. शेताच्या कडेला झुडपात शेपूट हलवीत सतत काहीतरी बोलणारा, चिमणीपेक्षा लहान, मळकट रंगाचा कोणताही पक्षी आपण वटवट्या म्हणून मोकळे होतो. नाव मोठे समर्पक आहे. इंग्रजीतले 'वॉर्बलर' म्हणजे सुरेल आलाप घेणारा. आपल्याकडच्या बहुतेक वॉर्बलरांना ते शोभत नाही, आणि वटवट्या मात्र सर्वांना शोभते. अडचण पुढे येते. आजच्या वर्गीकरणानुसार शेतातले राखी, साधे आणि रान वटवट्ये एका कुळात जातात, झाडांच्या पानांत फिरणारे पर्णवटवट्ये दुसऱ्या कुळात, आणि बोरूच्या बेटांत राहणारे बोरू वटवट्ये तिसऱ्या. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हँडबुकात (१९६८–७४) हे सारे एकाच मोठ्या कुळात घातलेले होते. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने ती जुनी मोट या शतकाच्या पहिल्या दशकात सोडवली. म्हणजे शाळेच्या यादीत 'वटवट्या : ५' अशी नोंद असेल, तर तिचा अर्थ 'मांजर, कुत्रा किंवा मुंगूस : ५' यापेक्षा फारसा निश्चित नसतो.

हा प्रश्न आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या आठवड्यात अनेक शाळा मुलांना बाहेर नेतात, याद्या करवून घेतात आणि काही शाळा त्या याद्या 'ई-बर्ड'सारख्या जागतिक नोंदसंचातही भरतात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. कोणती जात कमी होत आहे आणि कोणाला संरक्षण हवे, हे ठरवताना अशा नोंदी वापरल्या जातात. तेव्हा आठवीच्या वर्गाने लिहिलेले एक चुकीचे नाव वहीतच राहील असे आता म्हणता येत नाही.

मग शिक्षकाच्या हाती कोणती साधने आहेत आणि सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांपुढे ती कितपत टिकतात, हे पाहायला हवे. ही परीक्षा आम्ही एका ठरावीक परिसराला समोर ठेवून केली आहे. तो परिसर कळंबचा. धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे. आमचे कळंब चिंतामणी गणेशाचे, वर्धा–यवतमाळ रस्त्यावरचे. नाव सारखे आणि ठिकाणे दोन, तेव्हा जिल्हा सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही पुष्कळदा असेच असते. काळ्या जमिनीत पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मधूनमधून ज्वारी. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोर, बाभूळ, पळस. नाल्याच्या कडेने गवत आणि घाणेरीची दाटी. थोडे दूर सागाच्या टेकड्या. असा परिसर विदर्भात हजारो शाळांना लाभलेला आहे, म्हणून तो निवडला.

पहिली तक्रार पुस्तकांविषयी नाही, दिनदर्शिकेविषयी आहे. दोन थोर माणसांच्या जन्मतारखा नोव्हेंबरात येतात याला कोणाचाच इलाज नाही. परंतु पक्षी ओळखायला शिकण्यासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा वर्षातल्या अवघड पंधरवड्यांपैकी एक आहे. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत सुगरणीच्या नराच्या डोक्यावर पिवळीधमक टोपी असते. वीण संपली की ती जाते, आणि नर, मादी व पिल्ले सारीच चिमणीच्या मादीसारखी मळकट दिसू लागतात. जांभळ्या शिंजिराचा नर उन्हात काळा-निळा झळाळतो. विणीनंतर तोही आपला पेहराव उतरवून मादीसारखा पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टी तेवढी उरते. धुऱ्यावरचे वटवट्ये पावसाळ्यात झुडपाच्या शेंड्यावर बसून गातात, नोव्हेंबरात ते झुडपात खाली उतरलेले आणि बरेचसे गप्प असतात. त्याच सुमारास हिमालयातून आणि त्याही पलीकडून पर्णवटवट्ये आणि बोरू वटवट्ये येऊन दाखल होतात. चित्रातल्या खुणा ज्या आठवड्यात कमीत कमी दिसतात, नेमक्या त्याच आठवड्यात आपण मुलांच्या हाती चित्रांचे पुस्तक देतो.

आता पुस्तके. सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले आणि भारतातल्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. त्यातली एक युक्ती आजही बिनतोड आहे. पक्ष्याचा आकार इंचांत सांगण्याआधी चिमणी, बुलबुल, मैना, कावळा यांच्याशी तुलना करून सांगायचा. चिमणीहून लहान, बुलबुलाएवढा, मैनेहून थोडा मोठा. पाच इंच आणि साडेपाच इंच यांतला फरक झाडावर कोणालाच कळत नाही. चिमणीपेक्षा लहान की मोठा हे तिसरीतल्या मुलालाही कळते. दुसरा गुण त्याच्या मजकुरात आहे. पक्षी कोठे वावरतो, काय करतो, कसे उडतो, हे थोडक्यात पण नेमके सांगणारी ती टिपणे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावीत अशी आहेत.

उणीव आहे ती निवडीची. ते पुस्तक परिचयासाठी लिहिलेले होते. १९९६ च्या वाढवलेल्या आवृत्तीतही पाचशेहून थोड्याच अधिक जाती आहेत, आणि उपखंडात त्या बाराशेच्या पुढे जातात. ज्या जाती पुस्तकात नाहीत त्यांचे पक्षी वावरात मात्र असतात. विद्यार्थी समोरच्या पक्ष्याला पुस्तकातल्या त्यातल्या त्यात जवळच्या चित्राशी जुळवतो आणि नाव लिहून टाकतो. यात त्याचा दोष नाही. तुम्ही त्याला चार चावीचा जुडगा दिलात, तर तो कुलुपाला त्या चारच चाव्या लावून पाहणार.

खुद्द सलीम अलींच्या आयुष्याची दिशा अशाच एका प्रसंगाने ठरली, हे पुष्कळांना ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका लहान मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी तिला पीतकंठी चिमणी म्हणून ओळखले आणि कपाटाचे खण उघडून त्याला निरनिराळ्या चिमण्यांचे नमुने दाखवले. या गोष्टीतले तात्पर्य म्हणून आपण मुलाची जिज्ञासा सांगतो. आम्हाला त्यातला खण अधिक महत्त्वाचा वाटतो. एक पक्षी एकटा पाहून ओळख पटत नाही, त्याच्या शेजारी त्याच्यासारखे दुसरे चार ठेवावे लागतात. आज पक्षी मारणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. तेव्हा पुस्तकाने त्या खणाचे काम करायला हवे.

ते काम १९९८ साली आलेल्या ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्य यांच्या ग्रंथाने आणि पुढच्या वर्षीच्या त्याच्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीने केले. उपखंडातल्या सर्व जाती, दीडशेहून अधिक रंगीत पट्ट, नर-मादी-पिल्लू वेगवेगळे, आणि सारख्या जाती एकाच पानावर. ही परंपरा अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या पुस्तकापासून सुरू झाली. पक्ष्याच्या अंगावर नेमकी कोणती खूण पाहायची, तेथे बाण दाखवायचा, ही त्यांची कल्पना. प्रौढ, अनुभवी निरीक्षकाला असे पुस्तक हवेच. वर्गात मात्र त्याचा उलटा परिणाम होऊ शकतो. पर्णवटवट्यांचे पान उघडले की मुलासमोर हिरवट-पिवळट पक्ष्यांची रांग येते आणि त्यातले अर्धे हिमालयातले किंवा ईशान्येतले असतात. अमुक पक्षी विदर्भात येतच नाही, हे कोपऱ्यातल्या लहानशा नकाशावरून ताडायचे असते. मुले नकाशा पाहत नाहीत. त्यांना चित्र आवडते, आणि बहुधा सर्वांत देखणे चित्रच आवडते. सलीम अलींच्या पुस्तकात निवड फार झाली होती, येथे ती मुळीच झालेली नाही. कळंबच्या मुलाला हवे असलेले पान या दोन्ही पुस्तकांत नाही.

ते पान कसे असेल, याचा एक नमुना तीन वटवट्ये घेऊन पाहू. राखी, साधा आणि रान, तिघेही आपल्याकडे बारमाही राहणारे, तिघेही धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठी भेटणारे. यांतल्या पहिल्या दोघांना शास्त्रीय नावे दिली ती कर्नल विल्यम सिक्स याने १८३२ साली, दख्खनच्या पक्ष्यांच्या आपल्या यादीत. म्हणजे हे आपल्या मुलखावरूनच जगाला कळलेले पक्षी आहेत. तिसऱ्याला जर्डन याने १८४० मध्ये नाव दिले. ही नावे मात्र मदत करण्यापेक्षा घोटाळाच जास्त करतात. राखी वटवट्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'मिळूनमिसळून राहणारा', आणि तो तर जोडीने किंवा एकटा हिंडतो. रान वटवट्याच्या नावात तिन्ही भाषांत रान आले आहे, पण घनदाट रानात तो सापडायचा नाही. उघड्या माळावरची काटेरी झुडपे, गवताळ उतार, खडकाळ टेकडीचा पायथा ही त्याची जागा. खरे बोलते ते साध्याचेच नाव. लॅटिनमध्ये 'अनलंकृत', मराठीत साधा. त्याच्या अंगावर खरोखरच सांगण्यासारखे काही नाही.

रंग आधी पाहू, कारण मुले तोच पाहणार. राखी वटवट्याचे डोके आणि पाठ पाटीच्या दगडासारखी करडी, पोट तांबूस पिवळट, डोळा लालसर. दख्खनेत ही करडी पाठ बहुधा वर्षभर टिकते. उत्तर भारतात मात्र हिवाळ्यात तो तपकिरी होतो आणि भुवईसारखी फिकट रेघ धारण करतो. तेव्हा उत्तरेत काढलेल्या छायाचित्रावरून कळंबचा पक्षी ओळखू नये, आणि उलटही करू नये. साधा वटवट्या वरून मातकट, खालून फिकट, आणि डोळ्यावर ठळक फिकट भुवई. रान वटवट्याही मातकटच, पण अंगाने थोडा थोराड, चोच अधिक जाड, आणि भुवई आखूड किंवा जवळजवळ नसलेली. विणीच्या दिवसांत त्याच्या शेपटीची बाहेरची पिसे पांढरी दिसतात. तिघांच्याही शेपट्या हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा लांब होतात. म्हणजे 'लांब शेपटीचा' ही खूण कोणत्या महिन्यात पाहिली हे सांगितल्याशिवाय निरुपयोगी आहे. बहुतेक पुस्तके ही गोष्ट सांगतात, पण मजकुराच्या शेवटी सांगतात.

राखी हा ओळखायला सोपा. खरी कसोटी साधा आणि रान यांची. दुपारच्या उन्हात, गवताच्या काडीमागे, दोन सेकंद दिसलेल्या मातकट पक्ष्याची भुवई ठळक होती की पुसट, हे कोण छातीठोकपणे सांगेल? येथे चित्र हात टेकते आणि कान कामाला येतात. साध्या वटवट्याचे गाणे म्हणजे जुन्या घड्याळाला किल्ली देताना होते तशी कोरडी, किड्यासारखी, न थांबणारी टिकटिक. रान वटवट्या मोठ्याने, खणखणीत आवाजात दोन अक्षरी हाक पुन्हापुन्हा मारतो आणि ती पुष्कळ दुरून ऐकू येते. राखीचे गाणे पटापट म्हटलेल्या एकाच शब्दासारखे आहे, शिवाय उडताना तो चुटक्या वाजवल्यासारखा चटचट आवाज करतो. हा आवाज पंखांचा की चोचीचा, यावर निरीक्षकांत मतभेद आहेत. जुलैच्या सकाळी धुऱ्यावर उभे राहून अर्ध्या तासात हे तीन पक्षी डोळे मिटून वेगळे करता येतात. नोव्हेंबरात, डोळे उघडे ठेवून आणि पुस्तक हातात घेऊन, तेच काम दिवसभरात होईलच असे नाही.

कानाने जाती वेगळ्या करण्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंग्लंडचा आहे. सेलबोर्न नावाच्या खेड्यातले पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये एका पत्रात कळवले की, लोक ज्याला एकच 'विलो-रेन' समजतात ते तीन निरनिराळे पक्षी आहेत. तिघांचे आवाज वेगळे आहेत आणि ते कधीही एकमेकांत मिसळत नाहीत. हे तिन्ही पर्णवटवट्येच. त्या काळी दुर्बिणीने पक्षी पाहण्याची पद्धत नव्हती. व्हाइट यांनी आधी आवाज वेगळे केले, मग नमुने शेजारी ठेवून पंखांतला आणि रंगातला फरक शोधला. कान पुढे आणि डोळा मागे, हा क्रम आपल्या पक्षिशिक्षणात अजूनही उलटाच आहे.

आवाज कागदावर उतरवणे मात्र अवघड, आणि येथे सर्वच पुस्तके लंगडी पडतात. इंग्रजी पुस्तके आवाज इंग्रजी अक्षरांत लिहितात. ती अक्षरे वाचून कळंबच्या मुलाने काय उच्चारायचे? इंग्रजीत 'त' आणि 'ट' यांना मिळून एकच अक्षर आहे. देवनागरीत ते वेगळे, शिवाय 'ठ', 'थ', 'च', 'छ' आहेतच. आमचे म्हणणे असे की, मुलांनी पक्ष्याचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकून देवनागरीत लिहावा. वर्गातल्या पाच मुलांनी पाच प्रकारे लिहिला तरी हरकत नाही. ते पाच उतारे शेजारी ठेवले की कोणती गोष्ट सर्वांनी ऐकली हे कळते. पॅमेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या २००५ च्या द्विखंडी ग्रंथाने यापेक्षा पक्का मार्ग काढला. त्यांनी आवाजांचे आलेख छापले. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कंप्रता. शिट्टीची रेघ सरळ, कर्कश आवाजाचा ठिपक्यांचा पुंजका, टिकटिकीच्या उभ्या काड्या. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने ध्वनीचा पाठ शिकवताना असा एक आलेख फळ्यावर काढावा. कंप्रता म्हणजे काय हे मुलांना सूत्रापेक्षा त्यावरून लवकर कळेल. हे तंत्र १९५० च्या दशकात केंब्रिजच्या थॉर्प यांनी वापरले. एकांतात वाढवलेली चॅफिंचची पिल्ले आपल्या जातीचे गाणे नीट गाऊ शकत नाहीत, हे त्यांनी आलेखांवरून दाखवले. गाणारे पक्षी गाणे शिकतात; साधी हाक मात्र बरीचशी उपजत असते. म्हणून दूरच्या प्रदेशातल्या ध्वनिमुद्रणाशी आपल्या पक्ष्याचे गाणे तंतोतंत जुळले नाही तर घाबरून जाऊ नये, आणि हाकेवर अधिक भरवसा ठेवावा.

अलीकडे मोबाइलवर आवाज ऐकून नाव सांगणारी साधने आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'मर्लिन'ने २०२१ मध्ये ही सोय आणली. शिक्षकांनी ती वापरू नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. गाणारा पक्षी कोणत्या गटातला, हे ती झटकन सुचवते. पण त्या पडद्यावर नाव उमटले की मुले पक्ष्याकडे पाहायचे थांबतात, हा अनुभव बहुतेकांना येत असावा. दुसरे असे की, नकला करणारे पक्षी यंत्राला फसवू शकतात. कोतवाल शिक्र्याची हाक हुबेहूब काढतो. लांब शेपटीचा खाटीक आणि ब्लिथचा बोरू वटवट्या तर दुसऱ्यांच्या आवाजांचे तुकडे जोडूनच गातात. यंत्राने 'शिक्रा' म्हटले, आणि तारेवर कोतवाल बसलेला आहे, तर विश्वास तारेवर ठेवावा.

मराठी पुस्तकांकडे वळताना मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या 'पक्षीकोशा'ला टाळून पुढे जाता येत नाही. संस्कृतपासून बोलीभाषांपर्यंत पक्ष्यांची नावे एकत्र आणण्याचे जे काम त्यांनी केले त्याला मराठीत जोड नाही, आणि विदर्भातल्या शिक्षकाला तर ते घरचेच पुस्तक वाटावे. कित्येक लोकनावांत एक-एक निरीक्षण साठवलेले असते. डोंबारी हे छोट्या चंडोलाचे नाव घ्या. त्याचा नर हवेत चढतो आणि कोलांट्या घेतल्यासारखा झोकांड्या देत खाली येतो. ज्याने हे पाहिले आहे त्याला नाव समजावून सांगावे लागत नाही. त्याची मादी साध्या चिमणीसारखी दिसते, आणि चित्रावरून तिला ओळखू पाहणारा हमखास अडतो. डोंबाऱ्याची कसरत पाहणारा अडत नाही. परंतु कोश हा नावांचा असतो, ओळखीचा नव्हे. लोकनाव एका पक्ष्याला अनेक असतात आणि एकच नाव अनेक पक्ष्यांनाही असते. 'वटवट्या' हे त्याचेच उदाहरण. कोशाने ओळख पटवून द्यावी ही अपेक्षाच चुकीची ठरेल. आमची तक्रार वेगळी आहे. कोशाच्या जोडीला ओळखीचे जे पुस्तक मराठीत यायला हवे होते, ते बहुतांशी इंग्रजी पुस्तकांच्या सारांशावर भागवले गेले. इंग्रजी नावे बदलली की हे सारांशही शिळे होतात: जुन्या पुस्तकातला 'ॲशी रेन-वॉर्बलर' आणि नव्यातला 'ॲशी प्रिनिया' हा एकच पक्षी, हे कोणी सांगितले नाही तर शिक्षकाला दोन वाटणारच. बाकी उरते ते ललित गद्य. पक्ष्याच्या पंखांवर संध्याकाळ उतरते, पण पंखावर एक पट्टी होती की दोन, हे मात्र कळत नाही.

पंखावरची पट्टी ही काही किरकोळ बाब नाही. हिवाळ्यात कळंबच्या आंब्या-लिंबांत आणि सागवनात फिरणाऱ्या पर्णवटवट्यांत सर्वांत सामान्य तो हिरवट पर्णवटवट्या. पंखावर बारीक एकच पट्टी, लांब फिकट भुवई, आणि 'चिस्ली' अशी दोन अक्षरी हाक. दुसरा, ह्यूमचा पर्णवटवट्या, त्याच्यापेक्षा लहान आणि दोन पट्ट्यांचा. गंधकी पोटाचा पर्णवटवट्या तर पानांत कमी आणि खडकांवर, बुंध्यांवर जास्त दिसतो. येथे जागाच अर्धे नाव सांगते. हिरवट पर्णवटवट्याची एक कथा वरच्या वर्गांना जरूर सांगावी. तिबेटच्या पठाराभोवती तो कड्यासारखा पसरला आहे. हिमालयातून पश्चिमेने आणि पूर्वेने उत्तरेकडे जाताना त्याचे गाणे थोडेथोडे बदलत जाते, आणि सैबेरियात दोन टोके पुन्हा भेटतात तेव्हा तिथले पक्षी एकमेकांना ओळखत नाहीत, जोड्याही करीत नाहीत. टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये हे सुचवले, डॅरन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाणी व आनुवंशिक द्रव्य तपासून त्याला बळकटी दिली; २०१४ च्या अधिक सखोल तपासणीत मात्र हे कडे मधल्या काळात काही ठिकाणी तुटलेले होते असे दिसले. मग या साखळीत एक जात कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते? पुस्तकातले कप्पे सोयीसाठी असतात, हे मुलांना इतक्या सुबकपणे दाखवणारा दुसरा पक्षी आम्हाला माहीत नाही.

कप्पे कमी-जास्तही होतात. बाभळीवर हिवाळ्यात येणारे दोन फिकट तपकिरी वटवट्ये, बूटेड वॉर्बलर आणि साइक्स वॉर्बलर, पूर्वी एकच जात मानले जात. हा साइक्स म्हणजे वर आलेला सिक्सच. मराठीत त्याचे नाव दोन प्रकारे लिहिण्याची खोड पडून गेली आहे. आता ते दोन मानतात. एकाची चोच थोडी आखूड आणि भुवईवर काळसर कडा, दुसऱ्याची चोच लांब आणि चेहरा अधिक कोरा. चांगली दुर्बीण, चांगला उजेड आणि शांत बसलेला पक्षी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर ओळख पटते. एरवी अनुभवी निरीक्षकही नाव सांगायला कचरतात. ई-बर्डने यासाठी एक सोय ठेवली आहे आणि शाळांनी ती अवश्य वापरावी. 'बूटेड किंवा साइक्स' अशी जोडनोंद करता येते, 'प्रिनिया, जात अनिश्चित' अशीही करता येते. अशी नोंद अभ्यासाला चालते. चुकीचे निश्चित नाव चालत नाही. ते तपासणाऱ्या स्वयंसेवकाच्या नजरेतून सुटले तर पुढच्या आकडेवारीत शिरते. आपल्याकडे परीक्षेत रिकामी जागा भरली नाही तर गुण जातात, म्हणून मुले काहीतरी लिहितात. पक्षियादीला गुण देताना शिक्षकांनी हा नियम उलटा करावा. नावाला अर्धा गुण, आणि ते नाव कशावरून ठरवले हे लिहिल्यास दीड.

'कशावरून' या रकान्यात काय यावे? चिमणीच्या मानाने आकार. जमिनीपासून उंची: गवतात, झुडपात की शेंड्यावर. शेपूट काय करीत होती. आवाज, देवनागरीत. आजूबाजूला कोणते पीक किंवा झाड. तारीख आणि वेळ. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही जेवढा दिसला तेवढाच. पुस्तक हे सारे लिहून झाल्यावरच उघडायचे. आधी उघडले तर मुलगा पक्ष्यात पुस्तक पाहू लागतो. घरट्यावरून जात ओळखता येते हे खरे आहे. पण शाळेच्या वर्गाने घरट्याजवळ जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणेही शिकारीच्या व्याख्येत बसते, आणि वटवट्याची जोडी घरटे सोडून जायला फार निमित्त लागत नाही. मोबाइलवर गाणे वाजवून नराला पुढे बोलावणेही विणीच्या दिवसांत टाळावे.

पक्षी सप्ताह आहे तसा राहू द्यावा, मात्र त्याला जुलैतल्या एका सकाळीची जोड मिळावी, अशी आमची सूचना आहे. त्याच धुऱ्यावर, त्याच मुलांनी, त्याच वहीत. जुलैत तीन वटवट्ये गाण्यावरून वेगळे केलेले असतील, तर नोव्हेंबरात त्याच बोरीच्या झुडपातला गप्प, मातकट पक्षी कोण असू शकेल याचा अंदाज पुस्तकाआधी त्या वहीतून मिळेल. जुलैत पळसावर पाहिलेला काळा-निळा शिंजीरही नोव्हेंबरात छातीवरच्या त्या एका काळ्या पट्टीवरून सापडेल. पट्टी नसेल, सारे पोट गळ्यापासून पिवळसर असेल, तर जांभळ्या शिंजिराची मादी. गळा पांढुरका आणि फक्त छाती पिवळी असेल, तर जांभळ्या पाठीच्या शिंजिराची.